देवाची पिशवी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत असतं. मी कुठे काय खाल्लं, कुणाशी भांडलो, डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू ऑफिसच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवतो — सगळं. पण हे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. लिहायला बसतो, आणि एका ओळीनंतर उठून पोऱ्याला चहा सांगतो.

मी मन्मथ. बीडला बसस्टँडच्या मागे माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे, लोक मला आप्पा म्हणतात. बसची तिकिटं, लग्नाच्या गाड्या ही माझी रोजची भाजीभाकरी. माझी मिजास मात्र वेगळ्याच कामावर चालते — मी हेलिकॉप्टर उतरवतो. चालवत नाही, बरं का, उतरवतो. आमच्याकडच्या एखाद्या कारखानदाराला सकाळी पुण्यात मीटिंग करून रात्री घरी जेवायला यायचं असेल, तर पुण्याची एक कंपनी भाड्याचं हेलिकॉप्टर पाठवते आणि खालची जमीन तयार ठेवतो मी. मैदान शोधायचं, परवानग्यांसाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायच्या, झाडून घ्यायचं, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायचं, पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखून मधे इंग्रजी एच काढायचा, बांबू रोवून दोरी बांधायची. मग वर बघत उभं राहायचं. आवाज यायला लागला की माझी छाती अजून फुगते, या वयातसुद्धा.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या धंद्यात एकच विषय आहे. खासगी विमानं-हेलिकॉप्टरांसाठी सुरक्षेचे नवे नियम येणार म्हणतात. मसुदा आलाय, हरकती मागवल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं-ओळखपत्रं आधी कळवायची. तात्पुरत्या मैदानालाही पक्कं कुंपण हवं. प्रत्येक पिशवी उघडून बघायची, मालक असो की मालकाचा पाहुणा, सूट कुणालाच नाही. आणि पिशवी बघणारा माणूस शिकवून तयार केलेला हवा, त्याच्यावर आधीचा ठपका नसावा.

यावर बीडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक झाली. हेलिकॉप्टर मागवणारे शेठ, माझ्यासारखे उतरवणारे, पुण्याच्या कंपनीचा माणूस आणि म्हणणं ऐकून घ्यायला आलेले एक अधिकारी. आमच्या बाजूनं बोलायला मला उभं केलं होतं. भाषण मस्त झालं, खोटं कशाला बोलू — हे वाक्य मी आता जरा जपूनच वापरायला हवं.

मी म्हणालो, ज्याचा वेळ वाचावा म्हणून हेलिकॉप्टर येतं, त्यालाच मैदानात ताटकळत ठेवलं तर तो जीपनं जाईल. मोठ्या शहरातल्या कंपन्या कुंपणं बांधतील, यंत्रं आणतील, पण दिंद्रुडसारख्या गावात, जिनिंगच्या मागच्या मैदानावर हे कोण उभं करणार? नियम मोठ्या विमानतळावरचा उचलायचा आणि आमच्या फक्कीच्या गोलात आणून ठेवायचा, हे कसं जमायचं? त्यात लहान माणूस धंद्यातून उठेल. हे मुद्दे मला तेव्हा खरे वाटत होते आणि आजही वाटतात. ते मी मागे घेत नाही.

पण मी तिथं थांबलो नाही. टाळ्या पडायला लागल्या की माणूस थांबतो का? मी म्हणालो, साहेब, आमच्याकडं यंत्रापेक्षा ओळख मोठी. येणारा कोण, त्याचा बाप कोण, पिशवीत काय असणार, हे आम्हाला पिशवी न उघडताच कळतं. आणि म्हणूनच आजवर आमच्या एकाही मैदानावर काहीही घडलेलं नाही.

पुन्हा टाळ्या. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर एक जण मांडीवर हात ठेवून तसाच बसला होता. तो मिलिंद.

मिलिंद दिंद्रुडचा. तिथल्या बौद्ध वस्तीतला. पूर्वी होमगार्डमध्ये होता, जत्रा-निवडणुकांचे बंदोबस्त करून गर्दीपुढं कसं उभं राहायचं ते त्याला चांगलं कळत होतं. या कामात त्याला मीच आणलं. हेलिकॉप्टर येतंय म्हटलं की सगळं गाव लोटतं. दोरीपाशी कुणी तरी लागतो जो दमदाटी न करता माणसं मागे ठेवील. मिलिंद ते हसत करायचा. पुढं पिशव्या बघायचं कामही त्याच्याकडं आलं. तेव्हा आमच्यासारख्या मैदानांवर या तपासणीची कुणी फारशी विचारपूस करत नव्हतं, पण कंपनीचं तोंडी सांगणं होतं, की पिशवी उघडल्याशिवाय आत ठेवू नका. मिलिंद आधी दोन्ही हात पुढं करायचा आणि विचारायचा, ‘बघू का मावशी?’ मावशी हो म्हणाली की मगच गाठ सोडायचा, आणि बघून झालं की जशी होती तशीच बांधून द्यायचा. त्याची ही रीत पुण्याच्या माणसाच्या डोळ्यात भरली. कंपनी त्याला तपासणीचं रीतसर शिक्षण द्यायला पुण्याला नेणार, मग कायमचं काम देणार, असं ठरत आलं होतं. त्यानं त्यासाठी काळे बूट आणले होते आणि ते मैदानावर घालत नव्हता. ‘पुण्यात घालीन आप्पा, इथं चिखुल लई’ म्हणायचा.

हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला बूटसुद्धा माहीत होते.

आता बैठकीच्या बऱ्याच आधीच्या त्या दिवसाबद्दल. दिंद्रुडच्या विश्वनाथशेठची कापसाची जिनिंग आहे. सरकीचं तेल, मग बीडला गोदाम, असं करत करत त्यांनी पुण्याजवळ नवा कारखाना उभा केला होता आणि त्याच्या पूजेला शेठ आणि वहिनी हेलिकॉप्टरनं निघाले होते. जिनिंगच्या मागचं मैदान मी सकाळपासून झाडून घेत होतो. कापसाचा भुगा तिथं सारखा उडतो, तो गोळा करता करता नाकात जातो. शेठच्या आई — सगळं गाव त्यांना माय म्हणायचं — खुर्ची टाकून दोरीबाहेर बसल्या होत्या. त्या उडणार नव्हत्या. ‘मला न्हाई त्या पंख्याखाली बसायचं’ म्हणाल्या होत्या. पण त्यांनी एक पिशवी पाठवली होती. भगव्या कापडाची, तोंड सुतळीनं आवळलेली.

हेलिकॉप्टर उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं ओरडली. मी दोरी सोडायला सांगितली आणि शेठच्या माणसांबरोबर पोहे खायला बसलो.

मांजरसुंब्याच्या पलीकडं कुठं तरी, घाटाच्या अंगाला, आत धूर झाला. वहिनींच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून. वहिनींनी घाबरून पिशवी उचलायला हात घातला, तर आतून विस्तव सांडला. हात भाजला, साडीचा काठ जळाला, खालची सतरंजी पेटली. वैमानिकानं एका मोकळ्या, नांगरलेल्या रानात हेलिकॉप्टर उतरवलं. जवळच्या धाब्यावरची माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. जीव कुणाचाच गेला नाही. पण हवेत, काचेच्या एवढ्याशा खोलीत आग लागणं म्हणजे काय, ते शेठ पुढं कितीतरी दिवस बोलून दाखवत होते.

पिशवीत काय होतं? पितळेचा झाकणाचा डबा. त्यात राखेखाली झाकलेली, धुमसती गोवरी. तुम्ही आमच्या भागातले असाल तर कळेल. शेठच्या घरी देवघरातला धूप विझू देत नाहीत. आणि नव्या जागेत पहिला धूप काडी ओढून पेटवायचा नाही, जुन्या घरचा विस्तव न्यायचा, अशी त्यांची पिढ्यांची चाल. गावातल्या दुसऱ्या दुकानात तो पायी गेला होता. माजलगावला सायकलवर, बीडच्या गोदामात जीपमधून. मायनं तोच विस्तव पुण्याला हेलिकॉप्टरनं पाठवला. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलाची भरभराट व्हावी, एवढंच होतं.

शेठचा फोन मला आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी एकच विचारलं, की पिशवी कुणी तपासली.

मी म्हणालो, ‘मिलिंदनं.’

हीच ती चूक. म्हणजे — नाही, थांबा. इथं थांबलो असतो तर मला सोयीचं होतं. तुम्ही म्हणाला असता, माणूस घाबरला, तोंडातून निघून गेलं. बरेच दिवस मी स्वतःलाही असंच सांगत होतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून एक शब्द गेला, त्याचं एवढं काय? पण दोन दिवसांनी मी घाबरलेलो नव्हतो. पुण्याचा माणूस माझ्या ऑफिसात, पंख्याखाली, सरबत पीत बसला होता. मिलिंदला बोलावलं होतं. तो उभा होता. खुर्ची रिकामी होती, तरी मी त्याला बस म्हणालो नाही. त्याला विचारलं, पिशवी का उघडली नाहीस? मिलिंद म्हणाला, ‘मी आप्पांना बोललो व्हतो साहेब, पिशवी ऊन लागतीय म्हणून.’

ऊन म्हणजे गरम. पुण्याच्या माणसाला ते पटकन कळलं नाही, मिलिंदनं पुन्हा सांगितलं. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, ‘मला तर काही आठवत नाही बुवा.’

किती सोपं वाक्य आहे बघा. तो खोटं बोलतोय असं मी म्हणालो नाही. त्याला एकही वावगा शब्द बोललो नाही. मला आठवत नाही, एवढंच. सभ्य माणसं अशीच खोटं बोलतात का? मिलिंदनं वाद घातला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, जणू मी अजून एक वाक्य बोलणार आहे आणि त्यात सगळं सरळ होणार आहे. मी सरबताचा रिकामा ग्लास उचलून आत नेऊन ठेवला.

पुण्याचं शिक्षण गेलं, काम गेलं. निष्काळजीपणा असा ठपका बसला आणि आसपास हेलिकॉप्टर उतरवणाऱ्या कुणीच त्याला पुन्हा दोरीपाशी उभं केलं नाही. मीही नाही. मी तर अजिबात नाही. गावात पोरं त्याला हटकायची, ‘काय बे मिल्या, हेलिकॉप्टर पेटवलंस म्हणं!’ तो दिंद्रुड सोडून बीडला आला. एका कोचिंग क्लासच्या दारावर असतो. पोरांनी मोबाइल आत नेऊ नयेत म्हणून त्यांच्या बॅगा बघतो. मी एकदा स्कूटरवरून जाताना पाहिलं. दोन्ही हात पुढं करून विचारत होता, ‘बघू का बाळा?’ मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सांगून झालं. मलाही इथंच उठावंसं वाटतंय. पण त्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं, तर मी काहीच का केलं नाही? हे तुम्ही विचारणारच. मी विसरलो नव्हतो, गडबडीतही नव्हतो. घडलं ते असं.

शेठच्या ड्रायव्हरनं सगळं सामान दोरीवरून मिलिंदकडं दिलं. मिलिंदनं ती भगवी पिशवी खालून तळहातावर घेतली आणि हळूच मला म्हणाला, ‘आप्पा, ही ऊन लागतीय. बघू का उघडून?’ तेवढ्यात मायचं लक्ष गेलं. त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या आणि ओरडल्या, ‘ये, ठिव ती खाली! देवाची पिशवी हाय. कुणाचाबी हात लागू द्यायचा न्हाई तिला.’

कुणाचाबी. मोलकरणीनं ती पिशवी घरातून आणली होती. ड्रायव्हरनं गाडीतून काढली होती. माझ्या एका पोऱ्यानं ती मधे बाजूला सरकवली होती. तोवर माय काही बोलल्या नव्हत्या. मग कुणाचाबी म्हणजे कुणाचा? हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं, पुढं मायविरुद्ध बोललं मात्र कुणीच नाही. मिलिंदला सगळ्यात आधी कळलं. त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली — आदळली नाही, हलकेच ठेवली — आणि माझ्याकडं पाहिलं.

आमच्या घरात आम्ही जातपात मानत नाही. हे इतकं ठरलेलं आहे की कधी तपासून बघायची वेळच आली नव्हती. मिलिंद माझ्या घरी जेवला होता, मी त्याच्याकडं. जयंतीला त्याच्या वस्तीत पाण्याची सोय मी करायचो आणि तिथं माझा सत्कारही व्हायचा. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की माय, तो बघणार, ते त्याचं काम आहे. किंवा एवढंही नाही. नुसतं म्हणायचं होतं, ‘बघ रे मिलिंद.’

मी काय केलं? मी हसलो. पुढं झालो, पिशवी उचलली आणि म्हणालो, ‘मी ठेवतो माय. माझा हात चालंल ना?’

‘तुजं काय, तू तर घरचाच,’ माय म्हणाल्या. लोक हसले. हेलिकॉप्टरजवळ उभे असलेले शेठ फोनवर बोलत होते, त्यांना यातलं काही कळलंही नसेल. मिलिंदसुद्धा थोडं हसला. ते हसू माझ्यासाठी होतं, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ते मला आज कळतंय असं नाही, तेव्हाच कळलं होतं.

आणि मग मी ती पिशवी घेऊन हेलिकॉप्टरपर्यंत चालत गेलो. एक हात वर गाठीला, एक हात खाली.

ती गरम होती.

हे मी कधीच, कुणालाच, मनातल्या मनातसुद्धा धड बोललो नव्हतो. ती माझ्या हाताला गरम लागली. मंद, चुलीच्या ओट्याला दुपारी हात लागावा तशी. धुराचा बारीक वासही आला. मायच्या घरचा आहे, तो आमच्या ओळखीचा वास आहे, हेही मला कळलं. आत विस्तव असेल, असं मनात आलं. आलं, आणि मी दोन पावलं तसाच चाललो. थांबलो का नाही? कारण आत्ताच चार लोकांत माझा हात चालतो असं ठरलं होतं. आता पिशवी उघडायची म्हणजे मिलिंद बरोबर होता असं सगळ्यांसमोर म्हणायचं. मायला चुकीचं ठरवायचं. घरचा आहे तो बाहेरचा व्हायचं. वहिनी आत बसल्या होत्या, मला बघून हसल्या. मी त्यांच्या पायाशी पिशवी ठेवली आणि म्हणालो, ‘जपून न्या वहिनी, देवाचं आहे.’

त्यांच्या तळहातावर अजून डाग आहेत. हळदीकुंकवाला आल्या की माझ्या बायकोपुढं तोच हात करतात.

एवढंही पुरेसं झालं असतं. पण मला एक संधी मिळाली होती, ती सांगायची राहिलीच.

त्यानंतर काही महिन्यांनी मायनं मला दिंद्रुडला बोलावलं. अंथरुणाला खिळल्या होत्या, पण डोकं लख्ख होतं. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, ‘ते पोरगं इमानी व्हतं रं. त्यानं मागितली व्हती पिशवी. इटाळ मानला मी, अन् भाजली माझी सून. कंपनीवाल्याला बोलीव, मी सांगते माझ्या तोंडानं.’

एवढी म्हातारी बाई. सगळा जन्म ज्या समजुतीत गेला ती तिनं उचलून माझ्यासमोर बाजूला ठेवली होती. मला फक्त एक फोन लावायचा होता. पण त्या बोलल्या असत्या तर पुढचा प्रश्न आला असता — मग पिशवी आत ठेवली कुणी, आणि त्याला ती गरम लागली नाही? मी त्यांचे पाय चेपले. म्हणालो, ‘जाऊ द्या माय, झालं गेलं. मिलिंदचं चांगलं चाललंय बीडात. तुमचं नाव कशाला मधे?’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं. विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच होती. पुढं त्या गेल्या. खांदा द्यायला मी होतो.

आणि आता पुन्हा त्या हॉलमध्ये. माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, अधिकाऱ्यांनी विचारलं, अजून कुणाला काही बोलायचंय का? दाराजवळ मिलिंद उभा राहिला. पायात काळे बूट होते. ते अजून चांगले राहिलेत. नव्या नियमात प्रत्येक मैदानावर शिकलेला तपासनीस लागणार, हे त्याच्याही कानावर गेलं असणार. तो अजून आशा धरून होता.

तो म्हणाला, ‘साहेब, एक इचारायचं व्हतं. एखाद्यावर ठपका हाय, पण चूक त्याची न्हवती. तर अशा माणसानं काय करावं?’

अधिकाऱ्यांनी विचारलं, कसला ठपका, कुठला? मिलिंदनं माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडं पाहिलं. ऑफिसात पाहिलं होतं तसंच — अजून एक वाक्य येईल म्हणून. माइक माझ्याच हातात होता. शेठ पहिल्या रांगेत होते, पुण्याचा माणूस त्यांच्या शेजारी; आग हवेत लागली, मैदानावर नाही, म्हणून ‘काहीही घडलेलं नाही’ला त्या दोघांनीही टाळ्या दिल्या होत्या. इतकी सोपी वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती.

मी म्हणालो, ‘हा जरा वैयक्तिक विषय आहे साहेब, आपण नंतर बोलू.’

मिलिंद ‘बरं’ म्हणाला. खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेला. नंतर चहा-बिस्किटं झाली. माझ्या भाषणाचं फार कौतुक झालं.

त्या दिवसापासून माझंच एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडं ओळख मोठी. कुणाची ओळख? मायला मी ओळखत होतो, तसा मिलिंदलाही ओळखत होतो. उलट त्याला जास्तच. वर्षानुवर्षं त्याच्या हातून एक पिशवी चुकली नव्हती. मग ओळखीवरच चालायचं होतं, तर मी त्याचं का ऐकलं नाही? खरं तर आम्ही ज्याला ओळख म्हणतो ती ओळख नसतेच. कुणाची पिशवी उघडायची नाही आणि कुणाचा हात लागू द्यायचा नाही, याचा तो न लिहिलेला नियम असतो. तो मी सगळ्यात चांगला पाळला. मसुद्यातला ‘सूट कुणालाच नाही’ हा एक मुद्दा त्या दिवशी जिनिंगच्या मैदानावर असता, तर मिलिंदला माझ्याकडं बघावं लागलं नसतं. आणि नेमक्या त्याच मुद्द्याविरुद्ध मी टाळ्या मिळवल्या.

आमच्या हरकती लेखी जायच्या आहेत. कुंपणाबद्दल, वेळेबद्दल मी जे बोललो ते त्यात तसंच ठेवलंय. ‘आजवर काहीही घडलेलं नाही’ हे वाक्य आज सकाळी काढलं आणि त्या जागी घडलेलं लिहिलं. तेच लिहून पुण्याच्या कंपनीला पाठवलं, विश्वनाथशेठनाही. बायको संध्याकाळी माहेरहून येईल, तिच्यासमोर हे ठेवीन. पुढं काय व्हायचं ते होईल. हेलिकॉप्टरं बंद होतील बहुतेक, शेठच्या घरचं येणं-जाणंही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मिलिंदकडं मी गेलो नाही. गेलो तर तो मला आत बोलावील, पाणी देईल, बसा आप्पा म्हणेल. तो तसाच आहे. मग मी हलका होऊन घरी येईन आणि माझं ओझं त्याच्या घरात राहील. ती माफी त्याच्याकडं मागायला मला तोंड नाही. त्याच्यासाठी जे पाठवायचं ते खाली लिहिलंय तेवढंच आहे, ते त्यानं कुठंही दाखवावं किंवा फाडून टाकावं.

पिशवी गरम होती. मिलिंदनं ते मला सांगितलं होतं. त्यानं ठेवलेली पिशवी मी उचलली, मलाही ती गरम लागली, आणि मी ती माझ्या हातानं आत ठेवली.